भुरा म्हणजे कुठला हो? एका 'मराठी' रंग-शब्द किटची हकीकत

किंमत अकराशे ऐंशी रुपये, वर कुरिअरचे नव्वद. खोक्यात चार लॅमिनेटेड कार्डं, बारा पानांची पुस्तिका, गुण लिहायचे पन्नास छापील कागद आणि एक प्लॅस्टिकचं स्टॉपवॉच. स्टॉपवॉचमधला सेल मेलेला. खोक्यावर ठळक अक्षरांत 'आता मराठीत!' आणि खाली 'सात दिवसांत मेंदू तल्लख'. कंपनीचं नाव लिहीत नाही. त्यांच्याशी फोनवर बोलणं झालंय, ते कसं झालं तेही सांगते.

मी कराडला कॉलेजात मानसशास्त्र शिकवते. एस. वाय.च्या प्रॅक्टिकलला स्ट्रूप या अमेरिकन माणसाचा रंग-शब्दांचा प्रयोग दरवर्षी असतो. इतकी वर्षं आम्ही तो इंग्रजी कार्डांवर उरकत आलो. आमची निम्मी मुलं आजूबाजूच्या गावांतून एसटीने येतात, सगळं शिक्षण मराठीत झालेलं. ती इंग्रजी शब्द चाचपडत वाचतात आणि मग प्रयोगातून जे दिसायला हवं ते दिसतच नाही. प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये मात्र निष्कर्ष झोकात: 'प्रयुक्ताची एकाग्रता उत्तम आहे.' (प्रयुक्त म्हणजे ज्याच्यावर प्रयोग केला तो.) कसली एकाग्रता, त्याला वाचताच येत नव्हतं म्हणून तो अडकला नाही! त्यामुळे 'आता मराठीत' हे दोन शब्द बघून मी पैसे भरले, पुनरावलोकनं वाचायलाही थांबले नाही. म्हणून हे लिहितेय, तुम्ही थांबा.

ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पहिल्या कार्डावर रंगांची नावं काळ्या शाईत छापलेली, ती नुसती वाचायची. दुसऱ्यावर रंगीत चौकोन, त्यांचे रंग सांगायचे. तिसऱ्यावर गंमत: 'लाल' हा शब्द निळ्या शाईत, 'हिरवा' लाल शाईत, आणि तुम्ही शब्द न वाचता शाईचा रंग सांगायचा. चौथ्या कार्डावर शब्द आणि शाई जुळलेले. प्रत्येक कार्डाला किती सेकंद लागले ते मोजायचं, बस.

तिसऱ्या कार्डावर जीभ अडखळते हे सगळ्यांना माहीत असतं, व्हॉट्सअ‍ॅपवर फिरून फिरून ते आता शिळं झालंय. मला स्वतःला पहिल्या आणि दुसऱ्या कार्डातला फरक जास्त विचित्र वाटतो. तिथे अडवणारं कुणीच नाही. समोर लाल चौकोन आहे, लाल म्हणायचं आहे. तरी 'लाल' हा शब्द वाचायला लागतो त्यापेक्षा जास्त वेळ लागतोच लागतो. तुम्हीही करून बघा. माझे स्वतःचे पन्नास शब्द एकवीस सेकंदांत झाले आणि पन्नास चौकोन चौतीस सेकंदांत. आणि मी हा प्रयोग वीस वर्षं घेतेय.

हे पहिल्यांदा नीट मोजलं जेम्स मॅकीन कॅटेल या अमेरिकन माणसाने. जर्मनीत लाइपझिगला मानसशास्त्रज्ञ व्हुंटच्या प्रयोगशाळेत तो शिकत होता, आणि १८८६ साली त्याने हे छापलं. त्याचं म्हणणं साधं होतं: शब्द वाचायची इतकी सवय झालेली असते की ते आपोआप होतं, रंग किंवा चित्र समोर आलं की नाव मुद्दाम शोधून काढावं लागतं. वर्गात हे एवढं सांगितलं की पोरं माना डोलावतात आणि पुढे जातात. मीही पुढे जायचे. या किटच्या एका चुकीमुळे पहिल्यांदा थांबले.

ती चूक म्हणजे 'भुरा'.

किटमध्ये पाच रंग आहेत: लाल, निळा, हिरवा, पिवळा आणि भुरा. कार्ड हातात घेतलं आणि मला वाटलं, राखाडी रंग असणार. आपल्याकडे भुरे केस म्हणतात, भुरी मांजर म्हणतात. त्यात करडेपणा असतो, फिकटपणा असतो. दुसऱ्या कार्डावर बघते तर राखाडी कुठेच नाही, चक्क चॉकलेटी चौकोन. म्हणजे मूळ इंग्रजी, त्याचं हिंदी आणि हिंदीवरून हे मराठी. पुस्तिकेतली वाक्यंही त्याच गाडीतून उतरलेली: 'प्रयुक्तने जल्दी रंगचे नाव सांगावे.' बारा पानं असली. एकाही मराठी माणसाने यावरून नजर फिरवली नसणार याबद्दल मी पैज लावायला तयार आहे.

तरी म्हटलं, घरी लावून बघू. रविवार होता, दीर-जाऊ मुलींना घेऊन आले होते. पहिल्या सासूबाई. चौथीपर्यंत शाळा, पण रोज पोथी वाचतात, वाचनाला पक्क्या. शब्दांचं कार्ड त्यांनी एका सुरात, अध्याय वाचावा तसं वाचून टाकलं. 'भुरा'लासुद्धा अडल्या नाहीत. छापलंय ना, मग वाचायचं. मग चौकोनांचं कार्ड दिलं.

"लाल. निळा. पिवळा. हा विटकरी."

"आई, विटकरी नाही, भुरा म्हणायचं."

"भुरा? हा भुरा कुठला? बरं. हिरवा... का पोपटी म्हणू गं?"

"हिरवाच म्हणा."

"पोपटी नाहीये तसा. गडद आहे. हिरवा. लाल. तपकिरी."

पाचव्या ओळीपर्यंत चॉकलेटी चौकोनाला त्यांनी विटकरी, तपकिरी, मातकट अशी तीन नावं दिली होती आणि चौथ्यांदा नुसतं "हा आपला तो". एकदाही त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. पुस्तिकेप्रमाणे मात्र त्या सगळ्या चुका. 'भुरा' सोडून काहीही म्हटलं की एक गुण कमी.

इथे मला पीटरसनची आठवण झाली. जोसेफ पीटरसन हे स्ट्रूपचे गुरू, अमेरिकेत टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिलच्या पीबॉडी कॉलेजातले. त्यांचं स्पष्टीकरण असं: छापलेल्या शब्दाला आपल्याकडे एकच ठरलेला प्रतिसाद असतो, तो वाचायचा. रंगाला तसं नसतं. एकच रंग बघून कितीतरी वेगवेगळे प्रतिसाद उठतात आणि त्यांतला हवा तो निवडावा लागतो. मी हे वर्गात एका ओळीत गुंडाळायचे. सासूबाईंनी ते स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभं राहून करून दाखवलं. 'लाल' या अक्षरांचं लाल शिवाय दुसरं काय करणार? तो चॉकलेटी चौकोन मात्र वीट असतो, तपकीर असतो, माती असते, आणि माझ्या पोरासाठी नुसता ब्राउन असतो.

आपल्या भाषेत तर हे जास्तच. मराठीतली अर्धी रंगांची नावं म्हणजे वस्तूंची नावं आहेत. जांभूळ, डाळिंब, अबोली, गुलबक्षी, शेवाळ, राख, मोराचं पीस. तपकिरीमधली तपकीर ओढणारे गेले, रंग राहिला. चिंतामणी आणि आनंदी हे रंग कुठले ते माझ्या विद्यार्थिनींना आता सांगता येत नाही, सासूबाई साडीचा काठ दाखवून सांगतात.

यावरून मॅचिंग सेंटरचं सांगते, विषय सोडून वाटेल, पण नाही. मंडईजवळ आमचं नेहमीचं दुकान आहे, ब्लाउजपीस, अस्तर, फॉल. भिंतभर ताग्यांच्या उभ्या रांगा. दुकानदार काकांपुढे साडीचा पदर टाकायचा. ते दोन सेकंद बघतात, वळतात आणि दीडशे-दोनशे ताग्यांतून एक उपसतात. बाहेर उजेडात नेऊन पदराला लावलं की बसतोच. या सगळ्यात त्यांच्या तोंडातून चकार शब्द नाही. पण साडी घरी विसरून जा आणि सांगा, "काका, मोरपंखी द्या." झालं! तीन तागे काउंटरवर येतात. "यातला कुठला मोरपंखी, ताई?" मग तुमचं मोरपंखी वेगळं, त्यांचं वेगळं, शेजारी उभ्या बाईंचं तिसरंच.

म्हणजे डोळ्याला रंग कळायला वेळ लागत नाही. कळलेला रंग तोंडातून शब्द होऊन बाहेर यायला लागतो. हे काही फक्त माझ्या दुकानदाराचं नाही. २००० साली फ्रँक डर्गिन यांनी स्ट्रूपचा प्रयोग उलटवून दाखवला. बोलायचं नाही, पडद्यावर रंगांचे ठिपके आहेत, त्यांतल्या योग्य ठिपक्याकडे बोट दाखवायचं. उत्तर असं रंगातच द्यायचं म्हटल्यावर पारडं फिरलं. शाईचा रंग ओळखताना शब्दाची फारशी अडचण होईना, उलट शब्दाचा अर्थ ठिपक्यात दाखवताना शाईचा रंगच मध्ये येऊ लागला. उत्तर बोलून द्यायचं असेल तर शब्द घरचा आणि रंग पाहुणा. बोट दाखवायचं असेल तर नेमकं उलट. काकांनी हे वाचलेलं नाही, त्यांना गरजही नाही.

असं असेल तर रंगांची नावं घ्यायचा भरपूर सराव केला की फरक मिटेल, असं कुणीही म्हणेल. वर्गात दरवर्षी एक तरी हुशार मुलगी हे विचारते. वॉर्नर ब्राउन यांनी १९१५ सालीच तसा सराव देऊन पाहिला. फरक मिटला नाही. नुसती सवय कमी-जास्त असण्यापेक्षा ही दोन कामंच वेगळ्या जातीची आहेत, असं त्यांचं मत पडलं. सवयीने सगळं होतं असं म्हणणाऱ्या कॅटेलला हा धक्काच आहे. मला विचाराल तर दोघांचंही थोडं थोडं खरं आहे, पण परीक्षेत असं लिहिलेलं चालत नाही.

आता किटच्या बाकीच्या भानगडी.

पिवळा. पांढऱ्या चकचकीत कार्डावर पिवळ्या शाईतले शब्द. ट्यूबलाइटखाली ते दिसतच नाहीत. चाळिशी लागलेल्या माणसाने कार्ड तिरपं करून करून बघायचं आणि तोवर घड्याळ पळतंय. ही गोष्ट नव्याने कळावी अशी नाही. जॉन रिडली स्ट्रूपने १९३५ साली आपली कार्डं छापली तेव्हा जुन्या रंगतक्त्यातले पिवळा आणि काळा हे दोन रंग त्याने काढून टाकले आणि त्यांच्या जागी जांभळा आणि तपकिरी घातले. पिवळा काढायचं कारण हेच: त्यात छापलेला शब्द बाकीच्या रंगांइतका उठून दिसेना. तेव्हाच्या छापखान्यात त्याला हे कळलं. आमच्या किटवाल्यांनी काय केलं? त्याचा तपकिरी ठेवला (आणि त्याचा भुरा केला), जांभळा हाकलला आणि पिवळा परत आणून बसवला. ही कल्पना कुणाची हे विचारलं, फोनवर कुणाला सांगता आलं नाही.

दुसरं, अक्षरं बारीक. हे वरवर बारीकसारीक वाटेल, पण इथेच प्रयोग बिघडतो. दुसऱ्या कार्डावरचे चौकोन भरगच्च, दोन बोटं रुंद. तिसऱ्यावरचे शब्द मात्र हडकुळ्या फाँटमध्ये, शिरोरेषा तर केसासारखी. चौकोनात रंग ओतप्रोत आणि 'निळा' या अक्षरांत रंग जेमतेम. मग तिसऱ्या कार्डाला जो जास्तीचा वेळ लागला तो शब्दाने अडवलं म्हणून, की मुळात रंगच कमी दिसला म्हणून? वेगळं काढता येत नाही. स्ट्रूपच्याही हे लक्षात आलं होतं. तिसऱ्या प्रयोगात त्याने चौकोन रद्द केले आणि त्यांच्या जागी कोणता आकार घेतला असेल? स्वस्तिक! अक्षरांत जसा मधूनमधून कागदाचा पांढरा दिसतो तसा त्यातही दिसतो, म्हणजे दोन्हीकडे रंगाची छटा जवळपास सारखी पडते. टेनेसीत, १९३५ साली, रंगीत स्वस्तिकांच्या ओळी. आमच्या उंबऱ्यावर रोज निघतं ते. वर्गात हे सांगितलं की शेवटच्या बाकावरचीही वर बघतात.

स्ट्रूपबद्दल आणखी एक. हा माणूस मुळात धर्मोपदेशक. पीएच.डी.साठी हे काम केलं, मग आयुष्यभर बायबल शिकवलं, प्रवचनं दिली, धार्मिक पुस्तकं लिहिली. मानसशास्त्रात पुढे फारसं काही केलं नाही. त्याच्या या एका लेखावर मात्र शेकड्यांनी शोधनिबंध निघाले. त्याचे आकडे मला तोंडपाठ आहेत. वेगवेगळ्या रंगांत छापलेले शंभर शब्द नुसते वाचायला ४३.३ सेकंद, काळ्या शाईतले वाचायला ४१. म्हणजे शाईने वाचनाला फारसा त्रास दिला नाही. पण शंभर चौकोनांचे रंग सांगायला ६३.३ सेकंद आणि न जुळणाऱ्या शब्दांच्या शाईचे रंग सांगायला ११०.३. शब्द रंगाला अडवतो, रंग शब्दाला जवळजवळ नाहीच. किटच्या पुस्तिकेत यातलं काहीही नाही. त्याऐवजी बदाम आणि प्राणायाम यांवर दीड पान आहे.

परत रविवारकडे. दिराची धाकटी बालवाडीत आहे, अक्षरओळख 'क कमळाचा'च्या पुढे गेलेली नाही. तिसरं कार्ड तिने फडाफडा सांगितलं. शब्द तिच्यासाठी रंगीत नक्षी. 'भुरा'च्या जागी न चुकता "चॉकलेट!" आणि दर वेळी आईकडे एक आशाळभूत नजर. थोरली तिसरीत आहे, नुकतीच धडाधड वाचायला लागली आहे आणि दुकानांच्या पाट्या मोठ्याने वाचायची तिला हौस आहे. तिची मात्र फजिती झाली. लाल शाईतला 'हिरवा' बघून ती "हि..." म्हणायची, थांबायची, ओठ दाबायची, "ला... लाल" म्हणायची. तिसऱ्या ओळीला डोळे भरले. धाकटीला येतं आणि आपल्याला येत नाही हे फार लागलं तिला. मी कार्ड काढून घेतलं आणि सांगितलं की तुला छान वाचता येतं म्हणूनच असं होतंय. पटलं नाही. पण खरं तेच आहे. कोमाली, वापनर आणि वेर्नर यांनी १९६२ मध्ये सात वर्षांपासून ऐंशी वर्षांपर्यंतच्या माणसांवर हे पाहिलं: अडखळणं सातव्या वर्षी सगळ्यात जास्त, मग मोठेपणी कमी होत जातं आणि म्हातारपणी पुन्हा वाढतं.

शेवटी चिरंजीव. बारावीला, इंग्रजी माध्यम. मोबाइलवरून मान वर न करता म्हणाला, "आई, हे मी अ‍ॅपवर केलंय, सोप्पं असतं." ते अ‍ॅप मी पाहिलंय. त्यात बोलायचं नसतं, बटण दाबायचं असतं. बोलण्याऐवजी बटणाने उत्तर दिलं की अडथळा कमी होतो हे जुनं निरीक्षण आहे, त्यामुळे अ‍ॅपवरच्या फुशारक्यांना मी भाव देत नाही. त्याला कार्ड दिलं, मोठ्याने सांग म्हटलं. त्याने विचारलं, "इंग्लिशमध्ये चालेल ना?" म्हटलं, चालेल. रेड, ब्लू, ब्राउन, ग्रीन करत त्याने तिसरं कार्ड चव्वेचाळीस सेकंदांत संपवलं. चौकोनांना अडतीस लागले होते. घरातल्या वाचणाऱ्या सगळ्यांत पहिला नंबर. मला अठ्ठावन्न लागले होते.

तो जिंकला आणि मला वाईट वाटलं. दोन भाषांचं हे माहीत असलेलं आहे. प्रेस्टन आणि लॅम्बर्ट यांनी १९६९ मध्ये दाखवलं की शब्द एका भाषेत छापलेला आणि उत्तर दुसरीत द्यायचं असेल तर अडथळा उरतो, पण कमी होतो. ते ठीक. पण फरक इतका थोडा का, याचं दुसरं कारण मला पहिल्याच कार्डावर कळलं होतं. काळ्या शाईतले मराठी शब्द वाचायला त्याला बत्तीस सेकंद लागले. माझ्या दीडपट. 'पिवळा' त्याच्या अंगावर धावून येत नाही, तो त्याला एकेक अक्षर जोडून आणावा लागतो. माझ्या विद्यार्थ्यांचं इंग्रजी कार्डांवर जे होतं तेच माझ्या घरात मराठी कार्डावर झालं. किटला यासाठी दोष देता येत नाही. उलट इतकं चोख काम किटने दुसरं कुठलंच केलं नाही.

'सात दिवसांत मेंदू तल्लख' याबद्दल. स्ट्रूपने बत्तीस विद्यार्थ्यांकडून आठ दिवस सराव करून घेतला होता. पन्नास शब्दांच्या शाईचे रंग सांगायला आधी ४९.६ सेकंद लागत होते, शेवटी ३२.८. भरघोस फायदा. पण मग त्यांनाच तसेच रंगीत शब्द नुसते वाचायला दिले तर सरावाआधी जिथे १९.४ सेकंद लागायचे तिथे ३४.८ लागले! रंग सांगायची सवय लागली ती वाचनाच्या आड आली. दुसऱ्या फेरीत वेळ परत २२ सेकंदांवर आला, म्हणजे नुकसान टिकलं नाही, पण तल्लखपणाची ही गोष्ट नाही एवढं कळायला तेवढं पुरे. सराव केला की हे कार्ड चांगलं जमतं. खोक्यावर तेवढंच लिहावं. आणि या असल्या किटवरून आजोबांना विसरभोळेपणा लागलाय का, असं कुणी ठरवायला जाऊ नये. बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेच्या चाचणीसंचातही स्ट्रूप आहे, पण तिथे वय आणि शिक्षण बघून गुण ताडून पाहतात. इथे पुस्तिकेच्या शेवटी एकच तक्ता: 'साठच्या वर सेकंद: लक्ष कमकुवत.' सासूबाईंना तिसऱ्या कार्डाला पंच्याण्णव लागले. त्याच संध्याकाळी त्यांनी मला दुधाच्या हिशेबातले चाळीस रुपये काढून दाखवले.

सोमवारी कंपनीच्या ग्राहक क्रमांकावर फोन लावला. बोलणारा मुलगा नम्र होता, मराठी होता, बहुधा नवीन. मी यादी वाचली: सेल, पिवळा, बारीक फाँट, पुस्तिका, भुरा. सेलबद्दल त्याने लगेच माफी मागितली. फाँट आणि पिवळ्याचं लिहून घेतलं. मग म्हणाला, "मॅडम, ते भुराच्या जागी मराठीत काय घालायचं ते एकदा सांगता का? मी डिझाइनवाल्यांना कळवतो."

मी तोंड उघडलं. तपकिरी म्हणणार होते. पण आमची पोरं तपकिरी म्हणत नाहीत, चॉकलेटी म्हणतात. चॉकलेटी म्हटलं तर शब्द चार अक्षरी, 'लाल'पेक्षा केवढा लांब, वाचायलाच वेळ जास्त. मग कॉफी? शोभतं का चाचणीत कॉफी? एवढ्यात आतून आवाज आला, "विटकरी सांग त्याला!"

"मॅडम, आहात ना?"

"तो रंगच काढून टाका," मी म्हटलं. "जांभळा घाला."

बदली किट पाठवतो म्हणाले, तीन आठवडे झाले, आलेलं नाही. दरम्यान मी चौकातल्या झेरॉक्सवाल्याकडे स्वतःची कार्डं छापून घेतली: लाल, निळा, हिरवा, जांभळा, चारच रंग, जाड फाँट, साधा मॅट कागद. चौकोनांच्या जागी जाड फुल्या, तीन-तीन. स्वस्तिकं घालायचा मोह झाला होता, पण कार्डं जमिनीवर पडतात, कुणाचा तरी पाय लागायचा. रंगीत छपाई आणि लॅमिनेशन मिळून एकशे साठ रुपये. या वर्षीची सगळी प्रॅक्टिकलं त्यांवर झाली.

पाचपैकी दोन तारे. एक तारा गुण नोंदवायच्या कागदांना, ते खरोखर सुटसुटीत आहेत. एक चौथ्या कार्डाला, शब्द आणि शाई जुळलेल्या. तिसरीतल्या पुतणीने ते तीनदा मागून घेतलं आणि दर वेळी सगळं बरोबर सांगितलं.